उन्हाळ्यातले दोन महिने कोणत्या लॅबला द्यावेत? कर्करोग आणि जीनोमिक्समधल्या विद्यार्थी-योजनांचं परीक्षण

बी.एस्सी., एम.एस्सी. किंवा एमबीबीएस करत असताना मॉलिक्युलर बायोलॉजी, जीनोमिक्स किंवा कर्करोग या विषयांत खऱ्या लॅबमध्ये काम करायचं असेल, तर आपल्याकडे चार-पाच भरवशाच्या वाटा आहेत. त्यांची माहिती सगळीकडे मिळते, पण ती असते अर्जाच्या तारखांची. आत गेल्यावर दोन महिन्यांत हातात काय पडतं, हे फारसं कुणी सांगत नाही. म्हणून इथे योजना तीन कसोट्यांवर पाहिल्या आहेत. रोज शेजारी उभं राहून शिकवणारा पीएचडीचा विद्यार्थी मिळतो का? प्रकल्प आठ आठवड्यांत मावतो का? आणि लागणाऱ्या पेशी, प्रायमर, अँटिबॉडी किंवा डेटा पहिल्या दिवशी लॅबमध्ये हजर असतो का? योजनेचं नाव कितीही मोठं असो, या तिन्हींची उत्तरं गाईड आणि प्रकल्प यांवरच ठरतात.

तीन अकादमींची उन्हाळी फेलोशिप

बेंगळुरूची इंडियन अकॅडमी ऑफ सायन्सेस, दिल्लीची इंडियन नॅशनल सायन्स अकॅडमी (इन्सा) आणि प्रयागराजची नॅशनल अकॅडमी ऑफ सायन्सेस (नासी) या तिघी मिळून ही योजना चालवतात. मुदत दोन महिने, विद्यावेतन मिळतं, आणि एकाच अर्जावर देशभरातल्या संस्थांची दारं उघडतात. छोट्या गावातल्या कॉलेजमधल्या, कुठल्याच संस्थेत ओळख नसलेल्या विद्यार्थ्यासाठी आमच्या मते हीच पहिली निवड. कॉलेजच्या शिक्षकांनाही अर्ज करता येतो, आणि ही गोष्ट अनेक स्टाफरूमपर्यंत पोहोचलेलीच नाही.

अर्ज साधारण शरद ऋतूत, म्हणजे दिवाळीच्या आगेमागे भरायचा असतो. त्यात गुणपत्रिका, शिक्षकांचं शिफारसपत्र आणि काय काम करायचं आहे याचं छोटं टिपण लागतं. बहुतेकांची गाडी या टिपणावर अडते. ‘मला लहानपणापासून संशोधनाची आवड आहे आणि कर्करोगावर औषध शोधायचं आहे’ हे वाक्य शेकडो अर्जांत असतं आणि त्यातून निवड करणाऱ्याला काहीच कळत नाही. त्याऐवजी असं लिहा: ‘गाल आणि हिरडीच्या कर्करोगात टीपी५३ सोबत कॅस्प८ या जनुकातही वारंवार बदल सापडतात. कॅस्प८ बदललेल्या आणि न बदललेल्या गाठींमध्ये कोणत्या जनुकांची अभिव्यक्ती वेगळी आहे, ते उपलब्ध डेटावरून पाहायचं आहे. मला आरची प्राथमिक ओळख आहे.’ (अभिव्यक्ती म्हणजे जनुक किती प्रमाणात चालू आहे ते, आणि आर ही आकडेवारीची संगणकभाषा.) यात प्रश्न आहे, साधन आहे आणि स्वतःची तयारी आहे. अशा टिपणाला गाईड उत्तर देतो.

शिफारसपत्र देणाऱ्या सरांना किंवा मॅडमना किमान तीन आठवडे आधी सांगावं, आणि सोबत आपलं टिपण, गुणपत्रिका आणि त्यांच्या विषयात आपण काय केलं याच्या चार ओळी द्याव्यात. नाहीतर ‘हा विद्यार्थी प्रामाणिक व मेहनती आहे’ असं पत्र येतं, आणि ते पत्र नसल्यासारखंच.

योजनेची एक बाजू आम्हाला फार आवडते. चार आठवड्यांनी एक अहवाल आणि शेवटी पूर्ण अहवाल द्यावा लागतो. पहिला अहवाल कटकट वाटतो, पण प्रकल्प रखडलाय हे त्याच वेळी उघड होतं आणि दिशा बदलायला अजून चार आठवडे हातात असतात. ही शिस्त नसलेल्या ठिकाणी तेच सातव्या आठवड्यात समजतं.

कमकुवत बाजू वेळापत्रकाची. महाराष्ट्रातल्या विद्यापीठांच्या परीक्षा मे संपेपर्यंत, कधी जूनपर्यंत लांबतात, आणि पुढचं सत्र लगेच सुरू होतं. निवड झाल्याबरोबर गाईडला परीक्षेच्या संभाव्य तारखा कळवा आणि विभागप्रमुखांकडून ना-हरकत पत्र घेऊन ठेवा. मधूनच दहा दिवस परीक्षेसाठी परत येणं पेशींवरच्या प्रकल्पात अजिबात परवडत नाही, संगणकावरच्या प्रकल्पात निभावतं.

ॲक्ट्रेक, खारघर

कर्करोग हाच विषय पक्का असेल तर मराठी मुलांच्या सगळ्यांत जवळची मोठी जागा ही. १९५२ साली परळला सुरू झालेलं इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटर हे तिचं मूळ, डॉ. वसंत रामजी खानोलकर तिचे पहिले संचालक. तंबाखू आणि तोंडाचा कर्करोग यांच्या नात्यावर त्यांनी आपल्याकडे पायाभूत काम केलं. पुढे ही संस्था टाटा मेमोरियल सेंटरचा भाग झाली आणि नवी मुंबईत आली. रुग्णालय आणि मूलभूत संशोधन एकाच आवारात असल्यामुळे ‘गाठीतला हा बदल रुग्णाच्या उपचारात कुठे येतो’ हे इथे प्रत्यक्ष दिसतं. फ्लो सायटोमेट्री, कॉन्फोकल, सिक्वेन्सिंग अशा सामायिक सुविधा आहेत, आणि त्या सुविधा चालवणाऱ्या तंत्रज्ञांकडून शिकण्यासारखं पुष्कळ असतं.

आमचं मत स्पष्ट आहे: कर्करोगाच्या अशा संस्थेत उन्हाळी प्रशिक्षणापेक्षा एम.एस्सी.च्या शेवटच्या सत्रातला सहा महिन्यांचा प्रबंध कितीतरी जास्त देतो. काही आठवड्यांत तुम्ही पाहता. सहा महिन्यांत करता. राहण्याची सोय, प्रशिक्षणाचं शुल्क, विमा आणि कॉलेजचं पत्र या चार गोष्टी कोणत्याही संस्थेत होकार येण्याआधीच लेखी विचारून घ्याव्यात. नवी मुंबईत दोन महिन्यांसाठी खोली मिळवणं हे लॅब मिळवण्याइतकंच जिकिरीचं असतं.

पेशींवरचा प्रकल्प आठ आठवड्यांत का मावत नाही

हिशेब मांडून पाहा. गोठवलेल्या पेशी वितळवल्या की पहिल्या दिवशी वापरता येत नाहीत. दोन-तीन पॅसेज, म्हणजे वाढलेल्या पेशी नव्या भांड्यात हलवण्याच्या फेऱ्या, होऊ द्यावे लागतात. हेलासारख्या झपाट्याने वाढणाऱ्या पेशी साधारण २४ तासांत दुप्पट होतात, तोंडाच्या कर्करोगाच्या बऱ्याच सेल लाईन (लॅबमध्ये कायम वाढवत ठेवलेल्या पेशी) त्याहून मंद. म्हणजे पहिले दहा-बारा दिवस पेशी नुसत्या वाढवण्यात जातात. हात बसायला दोन आठवडे. मध्ये एकदा बुरशी आली की सगळं टाकून पहिल्यापासून. अँटिबॉडी मागवायची झाली तर महिना-दीड महिना कुठेच गेला नाही. उरलेल्या वेळात तीन स्वतंत्र वेळा केलेला प्रयोग बसवायचा, आणि तो बसत नाही.

आणि हे सगळं मायकोप्लाझ्मा नसताना. हा जिवाणू सूक्ष्मदर्शकाखाली दिसत नाही, माध्यम गढूळ करत नाही, त्याला पेशीभित्तिका नसल्यामुळे नेहमीचं पेनिसिलिन त्याला काही करत नाही, आणि ०.२२ मायक्रॉनच्या गाळणीतूनही तो निसटू शकतो. पेशींची वाढ आणि जनुकांची अभिव्यक्ती मात्र तो बदलून टाकतो. लॅबमध्ये गेल्यावर पहिल्या आठवड्यात नम्रपणे विचारावं: या पेशींची मायकोप्लाझ्मासाठी पीसीआर चाचणी शेवटची कधी झाली, आणि त्या नाव सांगितलेल्याच पेशी आहेत याची डीएनएवरून होणारी एसटीआर ओळखतपासणी झाली आहे का? चांगल्या लॅबमध्ये हा प्रश्न उद्धटपणा समजत नाहीत.

आपल्याकडच्या कॉलेजांत सगळ्यांत लोकप्रिय प्रकल्प म्हणजे वनस्पतीचा अर्क घेऊन कर्करोगाच्या पेशींवर एमटीटी चाचणी, म्हणजे जिवंत पेशींमुळे जांभळ्या होणाऱ्या रंगद्रव्यावरून पेशी किती तगल्या याचा अंदाज. त्यावर जरा थांबून लिहायला हवं, कारण यातले बहुतेक निकाल टिकत नाहीत. पद्धत अशी: ९६ खळग्यांच्या प्लेटमध्ये प्रत्येकी सुमारे ५,००० पेशी पेरायच्या, एक रात्र चिकटू द्यायच्या, मग अर्क घालून ४८ किंवा ७२ तास ठेवायचं. त्यानंतर अर्धा मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर या प्रमाणात एमटीटी, तीन-चार तास अंधारात, मग जांभळे स्फटिक डीएमएसओ या द्रावकात विरघळवून ५७० नॅनोमीटरवर वाचन. सोपं दिसतं. अडचण ही की एमटीटी मेलेल्या पेशी मोजत नाही, पेशींची क्षपणक्षमता मोजते. आवळा, हळद, डाळिंबाची साल अशा अर्कांतले अँटिऑक्सिडंट घटक पेशी नसतानाही एमटीटीला जांभळं करतात. म्हणून ‘अर्क अधिक एमटीटी, पेशी नाहीत’ असे खळगे लावलेच पाहिजेत. एमटीटी घालण्याआधी अर्कयुक्त माध्यम काढून पेशी धुवाव्यात. अर्क डीएमएसओमध्ये विरघळवला असेल तर तेवढंच डीएमएसओ नियंत्रणातही हवं, आणि ते अर्ध्या टक्क्याच्या आत हवं. प्लेटच्या कडेच्या खळग्यांतून पाणी उडतं, तिथले आकडे फसवे येतात. तिथे नुसतं बफर भरून ठेवावं. आणि एकही निरोगी पेशींची लाईन सोबत नसेल तर ‘कर्करोगविरोधी’ हा शब्द अहवालात लिहू नये. पुरेशा मात्रेत मीठही कर्करोगाच्या पेशी मारतं.

मग पेशींच्या लॅबमध्ये जाऊच नये का? जरूर जावं, पण प्रश्न छोटा घेऊन. चालू असलेल्या प्रकल्पातला एक तुकडा, उदाहरणार्थ आधीच गोठवून ठेवलेल्या आरएनए नमुन्यांवर चार-पाच जनुकांची क्यूपीसीआर (जनुकाची अभिव्यक्ती मोजणारी पीसीआर), आठ आठवड्यांत उत्तम बसते. प्रायमर देशातच बनतात आणि आठवड्याभरात येतात. यात शिकायला पुष्कळ आहे: आरएनएची शुद्धता दाखवणारं २६०/२८० हे प्रकाशशोषणाचं गुणोत्तर २च्या आसपास हवं, २६०/२३० खाली घसरलं तर काढणीतलं ग्वानिडिन किंवा फिनॉल मागे राहिलंय, रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज न घातलेलं नियंत्रण का लागतं, आणि जीएपीडीएच हे जनुक डोळे झाकून संदर्भ-जनुक (ज्याच्या तुलनेत बाकीची मोजतात ते) म्हणून का घेऊ नये. उपचारानं तेच बदलत असेल तर सगळं गणित कोसळतं. दोन संदर्भ-जनुकं घ्यावीत.

रुग्णांचे नवे नमुने गोळा करण्याचा प्रकल्प दोन महिन्यांसाठी स्वीकारू नये. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार आधी नैतिकता समितीची परवानगी लागते, आणि समितीच्या बैठका विद्यार्थ्याच्या सुट्टीकडे पाहून ठरत नाहीत. परवानगी असलेला चालू अभ्यास आणि साठवलेले नमुने, एवढंच विचारात घ्यावं.

जीनोमिक्स: दोन महिन्यांत सगळ्यांत जास्त इथेच मिळतं

आमची ठाम शिफारस उपलब्ध डेटावरच्या प्रकल्पाची. अमेरिकेच्या टीसीजीए (द कॅन्सर जीनोम ॲटलस) प्रकल्पात ३३ प्रकारच्या कर्करोगांच्या ११,००० च्या आसपास रुग्णांचा डेटा आहे. गाठीतले जनुकीय बदल आणि अभिव्यक्तीचे आकडे कुणालाही मोफत उतरवून घेता येतात. मूळ सिक्वेन्सच्या फायलींना मात्र स्वतंत्र परवानगी लागते, ती संस्थेच्या नावे आणि सावकाश मिळते. त्यामुळे ‘मी टीसीजीएच्या कच्च्या डेटापासून सुरुवात करीन’ असं टिपणात लिहिलं की लिहिणाऱ्याने हे काम पाहिलेलं नाही हे लगेच कळतं.

आपल्याकडच्या विद्यार्थ्याने घ्यावा असा एक विषय तर समोरच आहे. आंतरराष्ट्रीय कर्करोग जीनोम प्रकल्पात भारताने गाल-हिरडीचा कर्करोग निवडला, कारण तंबाखू चघळण्यामुळे तो इथे इतका आढळतो. पश्चिम बंगालमधल्या कल्याणीची एनआयबीएमजी ही जीनोमिक्स संस्था आणि ॲक्ट्रेक यांनी ते काम केलं आणि २०१३ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. टीसीजीएमधल्या डोकं-मान गटात सुमारे ५०० रुग्ण आहेत, पण त्यात जीभ, स्वरयंत्र, टॉन्सिल सगळं एकत्र आहे. टॉन्सिलच्या बऱ्याच गाठी एचपीव्ही या विषाणूमुळे झालेल्या असतात. त्यांत टीपी५३ सहसा शाबूत असतो आणि रुग्ण जास्त जगतात. हे वेगळं न करता रुग्ण किती काळ जगले याचे आलेख काढले तर जो फरक दिसतो तो जनुकाचा नसून विषाणूचा असतो. हा एक मुद्दा नीट हाताळला तरी प्रकल्पाचं सोनं होतं.

इतर खड्डे ठरलेले आहेत. २०,००० जनुकं तपासून ०.०५ ची मर्यादा लावली तर निव्वळ योगायोगाने १,००० जनुकं ‘महत्त्वाची’ ठरतात. असे योगायोगाचे निकाल आटोक्यात ठेवणारी एफडीआर दुरुस्ती करावीच लागते. अभिव्यक्तीतला फरक काढणाऱ्या डीसेक२ या प्रोग्रॅमला कच्चे काउंट द्यायचे असतात, एफपीकेएम किंवा टीपीएम असे आधीच प्रमाणित केलेले आकडे नव्हेत. जगण्याच्या आलेखासाठी रुग्णांचे कमी आणि जास्त अभिव्यक्तीचे गट पाडताना सगळ्या मर्यादा लावून बघून सर्वांत सुंदर आलेख देणारी निवडणं ही फसवणूकच. मर्यादा आधी ठरवावी, मध्यक घ्यावा. एका फाईलमध्ये संदर्भ-जीनोमची जीआरसीएच३७ ही आवृत्ती आणि दुसरीत ३८ असेल तर बदलांच्या जागा जुळत नाहीत आणि प्रोग्रॅम तक्रारही करत नाही. जनुकांची यादी एक्सेलमध्ये उघडली की मार्च१, सेप्ट२ अशी नावं तारखा होऊन बसतात. या उपद्रवामुळे २०२० साली त्या जनुकांची अधिकृत नावंच बदलली गेली, पण जुन्या फायलींत जुनी नावं आहेतच.

लॅपटॉपचं काय? ८ जीबी मेमरीवर काउंटपासून पुढचं सगळं होतं. मानवी जीनोमवर स्टार या प्रोग्रॅमने अलाइनमेंट (वाचलेले तुकडे जीनोमवर जागच्या जागी बसवणं) करायला ३० जीबीच्या आसपास मेमरी लागते, ते जमणार नाही. साल्मन हा हलका प्रोग्रॅम वापरा किंवा गॅलक्सी या वेबसाइटच्या मोफत सर्व्हरवर चालवा. लिनक्सच्या मूलभूत आज्ञा आणि आर जाण्याआधीच शिकून घ्यावं. लॅबमधले पहिले दोन आठवडे फाईल उघडायला शिकण्यात गेले तर नुकसान आपलंच.

एमबीबीएस, बीडीएसवाल्यांसाठी

आयसीएमआरची शॉर्ट टर्म स्टुडंटशिप ही १९७९पासून चालत आलेली योजना. दोन महिने, आपल्याच कॉलेजातल्या गाईडकडे, आणि मंजूर अहवालानंतर ५०,००० रुपये. बाहेरगावी राहण्याचा प्रश्न नाही, हे मोठं सुख. पण प्रस्ताव तुम्हालाच लिहायचा असतो, आणि अहवाल वेळेत, ठरलेल्या नमुन्यात गेला नाही तर पैसेही नाहीत आणि प्रमाणपत्रही नाही.

बहुतेक मुलं प्रश्नावलीचा अभ्यास घेतात. कर्करोगात रस असेल तर पॅथॉलॉजीतले जुने पॅराफिन ब्लॉक (मेणात जपून ठेवलेले गाठींचे तुकडे) ही खरी खाण आहे. पी५३ किंवा पी१६ या प्रथिनांचं इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री (अँटिबॉडीने रंगवून प्रथिन पाहणं) दोन महिन्यांत होतं, फक्त प्रस्तावाआधी कपाट उघडून ब्लॉक खरोखर सापडतात का आणि त्यात पुरेशी गाठ उरली आहे का ते बघा. एचपीव्हीची खूण मानल्या जाणाऱ्या पी१६साठी घशाच्या गाठींत ७० टक्के पेशींत गडद रंग ही मर्यादा वापरतात. तोंडाच्या पोकळीत मात्र पी१६वरून एचपीव्हीचा निष्कर्ष काढू नये, तिथे तो भरवशाचा नाही. डीएनए काढायचा झाला तर फॉर्मॅलिनने त्याचे तुकडे झालेले असतात, म्हणून पीसीआरचा तुकडा २०० बेसच्या आत ठेवा. फॉर्मॅलिनमुळे सी या बेसच्या जागी टी असे खोटे बदलही दिसतात. एकाच वेळच्या वाचनावर विश्वास ठेवू नका.

बाकीच्या वाटा, थोडक्यात

बेंगळुरूच्या जवाहरलाल नेहरू संशोधन केंद्राची (जेएनसीएएसआर) दोन महिन्यांची फेलोशिप चांगली, पण त्यांचा जीवशास्त्र शिक्षणाचा पीओबीई कार्यक्रम त्याहून चांगला: पदवीच्या सुरुवातीलाच निवड होते आणि सलग तीन उन्हाळे जाता येतं. दुसऱ्या उन्हाळ्यात शिकवण्यात वेळ जात नाही, हा त्याचा मोठा फायदा. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा (टीआयएफआर) व्हीएसआरपी हा उन्हाळी कार्यक्रम मूलभूत जीवशास्त्रासाठी उत्तम. कर्करोगच हवा असेल तर ती जागा नव्हे. विज्ञानाच्या पदवी विद्यार्थ्यांसाठीची केंद्र सरकारची इन्स्पायर-शी शिष्यवृत्ती मिळणाऱ्यांना वर्षाच्या ८०,००० पैकी २०,००० रुपये उन्हाळी प्रकल्पासाठीच असतात, त्यामुळे त्यांनी पुण्यातल्या एनसीसीएस (पेशीविज्ञानाची राष्ट्रीय संस्था) किंवा आयसरमधल्या गाईडला थेट लिहावं. आपला खर्च आपण आणतो आहोत हे पहिल्याच मेलमध्ये सांगितलं तर होकार लवकर येतो.

अशा मेलमध्ये दीडशेच्या वर शब्द नकोत. गाईडच्या गेल्या दोन-तीन वर्षांतल्या एका पेपरमधली नेमकी कोणती आकृती आपल्याला पटली किंवा अडली ते लिहा, तारखा लिहा, काय येतं ते लिहा. ‘रिस्पेक्टेड सर/मॅडम’ घालून एकाच वेळी साठ जणांना पाठवलेला मेल ओळखू येतो आणि उघडतही नाहीत. दहा दिवसांनी एकदा आठवण करावी. त्यानंतर दुसरा गाईड बघावा.

पैसे घेऊन पंधरा-तीस दिवसांत ‘कॅन्सर जीनोमिक्स इंटर्नशिप’चं प्रमाणपत्र देणाऱ्या खासगी जागा आता प्रत्येक शहरात आहेत. तिथे सगळ्यांना तोच डॉकिंगचा (औषधाचा रेणू प्रथिनावर कसा बसतो ते संगणकावर पाहण्याचा) प्रकल्प, प्रथिन आणि रेणूचं नाव तेवढं वेगळं. पीसीआर कधीच हाताळला नसेल तर तंत्र शिकायला एखादा आठवडा ठीक, पण याला संशोधन म्हणून अर्जात दाखवू नये. मुलाखतीत दुसऱ्याच प्रश्नाला ते उघडं पडतं.

एम.एस्सी.च्या मुलांनी एक व्यवहार आधी उरकावा. नव्या शैक्षणिक धोरणाच्या रचनेत पहिल्या वर्षाच्या दुसऱ्या सत्रात ४ श्रेयांकांचं ऑन जॉब ट्रेनिंग आहे, म्हणजे १२० तास. संशोधन संस्थेतलं काम त्यात धरायला बरेच विभाग तयार होतात, पण विभागाची लेखी मान्यता, संस्थेचं हजेरीपत्रक आणि गाईडची मूल्यांकनाची सही हे सगळं सुरुवातीलाच ठरलेलं हवं. नंतर मागितलं तर मिळत नाही.

शेवटच्या आठवड्यात नवा प्रयोग लावू नका. तो आठवडा नोंदवहीच्या पानांना क्रमांक घालायला, गोठवलेल्या नळ्यांवर पेशीचं नाव, पॅसेज आणि तारीख न पुसणाऱ्या शाईने लिहायला, आणि कोड व कच्चे आकडे लॅबच्या सर्व्हरवर एका वाचा-मला फाईलसह ठेवायला द्या. पुढे शिफारसपत्र मागाल तेव्हा गाईडला तुमचा आलेख आठवणार नाही. तुमची नळी पुढच्या माणसाला सापडली का, हे मात्र आठवेल.